पऱ्हाटीचा धूर कोणाच्या खात्यात?

माघ संपत आला, की यवतमाळात गच्चीवरच्या दोरीवर पांढरं काही वाळत घालायची सोय राहत नाही. सकाळी टाकलेली चादर दुपारी काढायला जावं, तर तिच्यावर काळ्या, हलक्या, केसासारख्या काड्या येऊन बसलेल्या असतात. झटकल्या तर चुरा होतो आणि बोट लावलं तर रेघ उमटते. परवा या वर्षीची पहिली रेघ उमटली. मी चादर तशीच घेऊन खाली आले आणि चहा पीत बसलेल्या नवऱ्यासमोर धरली. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "लागला वाटते हंगाम. दरवर्षीचंच आहे ना, कायले डोकं तापवून राह्यली?"

या 'दरवर्षीचंच आहे'चा मला मनापासून राग येतो. आंब्याला मोहोर येतो ते दरवर्षीचं आहे. उन्हाळ्यात आमच्या नळाला पाणी येत नाही तेही एक वेळ दरवर्षीचं म्हणू. पण हा धूर आभाळातून पडत नाही. माणूस खिशातून काडेपेटी काढतो, काडी ओढतो, ढिगाला लावतो आणि मग आभाळाकडे बघत म्हणतो, दरवर्षीचंच आहे! मी चादर पुन्हा भिजत घातली आणि कचेरीत जायला निघाले, तरी रस्ताभर माझं तोंड चालूच होतं.

हा धूर कशाचा ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. कापसाची शेवटची वेचणी झाली, की वावरात उरते ती पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं वाळून लाकडासारखं कडक झालेलं झाड. ती उपटायची, धुऱ्यावर म्हणजे बांधावर तिचे ढीग लावायचे आणि पेटवून द्यायचे. या दिवसांत संध्याकाळी घाटंजीच्या रस्त्याने निघा की दारव्ह्याच्या, दोन्ही बाजूंना पळस फुललेला असतो आणि त्याच्या मागे ढीग पेटलेले असतात. वडिलांचे एक मित्र बोरी अरबला शेती करत. लहानपणी आम्ही तिथे जायचो तेव्हा मला ती आग फार आवडायची. झाडावर राहून गेलेली बोंडं तडतडायची, गरम वारा तोंडावर यायचा. घरी आल्यावर आई म्हणायची, "केसायले धुराचा वास येऊन राह्यला, जा आंघोळ कर." आंघोळ केली की धूर गेला, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं.

आमचं घर कचेरीवाल्यांचं. आजोबा महसुलात, वडील महसुलात, मीही तिथेच चिकटले. काही वर्षांपूर्वी याच दिवसांत माझ्या टेबलावर एक काम येऊन पडलं, जे कोणालाच नको होतं. हवामान तापवणारी जी अल्पजीवी प्रदूषकं आहेत, ती कमी करण्यासाठी जिल्ह्यातल्या सगळ्या खात्यांचा समन्वय साधायचा. ज्या टेबलाजवळ खिडकी नाही आणि ज्या बाईला मध्येच बोलायची सवय आहे, त्या टेबलावर अशी कामं येतात. शेजारचे देशमुख तर हात जोडून म्हणाले, "अभिनंदन मॅडम, आता तुम्ही हवा सांभाळा."

अल्पजीवी हा शब्द मी घरी जाऊन नीट वाचला. कार्बन डायऑक्साइड एकदा हवेत गेला की शतकानुशतकं तिथेच ठाण मांडतो. पण काजळी, जिला काळा कार्बन म्हणतात, ती हवेत राहते काही दिवस, फार तर काही आठवडे. कचऱ्याच्या आणि शेणाच्या ढिगांतून निघणारा मिथेन दहा-बारा वर्षांत विरतो. जगतात थोडं, पण जगतात तेवढ्यात पृथ्वीला चांगलाच ताप देतात. हे वाचून मी चक्क खूश झाले. इतकी वर्षं ऐकत आले होते, की आज झाड लावा, नातवंडांना सावली मिळेल. इथे तसं नव्हतं. या महिन्यात हात आवरला तर पुढच्या महिन्यात माझ्याच डोळ्यांना आभाळ दिसणार होतं. आणि जी काजळी महिनाभरही टिकत नाही ती वर्षानुवर्षं आपल्या डोक्यावर आहे, कारण आपणच तिला दर फाल्गुनात नव्याने जन्माला घालतो. मला वाटलं, हे भांडण आपल्याला जिंकता येण्यासारखं आहे. मला भांडण आवडतं, आणि जिंकण्यासारखं असेल तर जास्तच.

पहिल्या बैठकीत माझा उत्साह तासाभरात उतरला. प्रत्येक खात्याने आपला माणूस पाठवला होता आणि प्रत्येकाच्या अहवालात एकच शब्द होता, निरंक. कचेरीच्या भाषेत निरंक म्हणजे काही घडलं नाही. पऱ्हाटी जाळण्याच्या घटना, निरंक. कचरा पेटवल्याच्या घटना, निरंक. खिडकीतून वास येत होता म्हणून शिपायाने मध्येच उठून खिडकी लावली. धूर वावरात असेपर्यंत शेतीचा, धुरा ओलांडला की महसुलाचा, जंगलात शिरला की वनवाल्यांचा, नगरपालिकेच्या कचऱ्यावरचा नगरपालिकेचा आणि माणसाच्या छातीत गेला की आरोग्याचा. वर आभाळात हे सगळे धूर एकत्र होतात आणि तिथे कोणाचंच खातं नाही. मी हे बोलून दाखवलं तेव्हा आमचे साहेब हसले आणि म्हणाले, "मॅडम, समन्वय म्हणजे पत्रव्यवहार. इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं." मी लावून घेतलं.

त्याच दिवसांत मी झरी जामणीकडे गेले होते. तिकडे मोहाची फुलं वेचायची वेळ होती. फुलं सापडावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात आणि तोच वणवा कधी कधी टेकडीभर चढतो. एका पाड्यावर मात्र कोलाम आदिवासी बाया पहाटेपासून झाडाखाली झाडत होत्या. झाडलेल्या जमिनीवर पिवळी फुलं टपटप पडत होती आणि सगळीकडे तो गोड, डोक्यात चढणारा वास होता. मी विचारलं, जाळत का नाही? एकीने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "जाळलं तं फुलाले राख लागते ना, बाई," ती म्हणाली. कोणत्याही परिपत्रकाशिवाय तिथे धूर नव्हता. परतताना मला फार बरं वाटत होतं.

आणि मग शोभाताई आल्या. घाटंजीच्या पलीकडच्या एका गावाच्या सरपंच, शोभाताई गावंडे. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर लोक सत्काराला बोलावून त्यांचा जीव नकोसा करतील. स्वतःची कपाशी, तूर, सोयाबीन असलेली, पदर खोचून उभी राहणारी बाई. माझ्या टेबलासमोर येऊन म्हणाली, "पऱ्हाटी जाळू नका म्हनून तुमचा कागद आला. गुलाबी अळी वाढते, पऱ्हाटी वावरात ठेवू नका म्हनून दुसऱ्याचा कागद आला. जाळाची नाई, ठेवाची नाई, मंग खाव का?"

मला हसू आलं आणि लाजही वाटली. दोन्ही कागद खरे होते. राहून गेलेल्या बोंडांत अळी असते, ती पुढच्या हंगामात पुन्हा कपाशीवर चढते, म्हणून पऱ्हाटी लवकर मोडायला हवी. आणि जाळायला तर नको. यावर उपाय होता, तोही सरकारनेच घेतलेला. पऱ्हाटीची कुट्टी करणारं यंत्र. ट्रॅक्टरच्या मागे जोडायचं, तोंडात पऱ्हाटी घालायची, बाजूने बारीक भुसा निघतो. अळी मरते, भुसा मातीत जातो, धूर होत नाही. असं एक नवंकोरं यंत्र घाटंजीच्या एका गोदामात उभं होतं. मी म्हटलं, "शोभाताई, यंत्र मी मिळवून देते. तुम्ही गावाला थांबवा."

"थांबवतो," त्या म्हणाल्या. त्यांनी ते कसं केलं ते मला पुढे गावात जाऊन कळलं. पऱ्हाटी उपटायचं काम बाया गुत्त्याने घेतात, म्हणजे एकूण कामाचा एकच भाव ठरवून. उपटणं, ढीग लावणं आणि शेवटी काडी लावणं, हे सगळं त्या गुत्त्यात येतं. वावर काळं झालं की गुत्ता संपला. आणि त्या गावात एक पक्की चाल आहे. मालक आपल्या वावरातली आग आपल्या हाताने कधीच लावत नाही. काळी माय आहे ती, तिला घरच्या माणसाने आग लावायची नसते. काडी लावायची ती गुत्त्यावाल्या बाईने. शोभाताईंनी गावाला धुराचं काही सांगितलंच नाही. त्या सरळ उपटणाऱ्या बायांकडे गेल्या आणि म्हणाल्या, यंदा गुत्ता ढिगापाशी संपला. भाव तोच, काडी नाही. बायांना ते पटलंच, धुरात उभं त्यांनाच राहावं लागत होतं.

ग्रामसभेला मी हजर होते. शोभाताईंचे धाकटे दीर, महादेवराव, उठून उभे राहिले. त्यांचं वावर गावात सगळ्यात मोठं आणि आवाजही. "वैनी, तुमच्या ढिगातली अळी माह्या कपाशीवर येईन, तवा तुमचं सरकार येनार हाय का वेचाले? यंत्र येनार, यंत्र येनार. कवा येनार?"

"येईन," शोभाताई म्हणाल्या.

"नाई आलं तं?"

"पाडव्यापर्यंत या गावात एक जरी ढीग पेटला, तं मी सरपंचपदाचा राजीनामा देईन. लिहून घ्या, भाऊजी."

 यंत्र आणायचं वचन माझं होतं आणि खुर्ची पणाला लागली होती त्यांची.

दुसऱ्या दिवशी मी त्या गोदामात गेले. यंत्र खरंच नवंकोरं होतं. ताडपत्रीखाली उभं, आणि त्याच्या तोंडाला लाल फीत बांधलेली. कोणी म्हणेल डिझेल नव्हतं, माणूस नव्हता. सगळं होतं. अडलं होतं ते लोकार्पण. पाहुण्यांच्या हस्ते फीत कापल्याशिवाय यंत्राने एक काडीही मोडायची नाही, असा निरोप होता. पाहुण्यांची तारीख तीनदा पुढे गेली होती आणि ती फीत उन्हाने गुलाबी पडली होती. पऱ्हाटी फोडायचं यंत्र पऱ्हाटीचा हंगाम संपेपर्यंत पाहुण्याची वाट बघतंय, हे फक्त आमच्याकडेच होऊ शकतं. मी साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "थोडं थांबा. फोटोशिवाय यंत्र बाहेर काढलं तर उद्या मलाच विचारतील." मी म्हटलं, हंगाम थांबत नाही. ते म्हणाले, "हंगाम पुढच्या वर्षीही येतो, मॅडम."

त्यानंतर मी थांबले नाही. समन्वयाचं पत्र माझ्याच सहीने निघत असे. मी पत्र लिहिलं, 'प्रात्यक्षिकासाठी यंत्र ताब्यात घेत आहे', खाली सही केली आणि शोभाताईंना ट्रॅक्टर घेऊन बोलावलं. गोदामाचा चौकीदार घाबरला. "मॅडम, फीत?" त्याचं म्हणणं रास्त होतं. शोभाताई पुढे झाल्या, नखाने फितीची गाठ सोडली, घडी घातली आणि त्याच्या हातात ठेवली. "कापली नाई, पाहून घे. तुमाले लागन ते," त्या म्हणाल्या.

ते दिवस मला अजून पायांत जाणवतात. दर रविवारी, आणि रजा काढून मधल्या वारीही, मी त्या गावात. यंत्राचा घरघराट, ट्रॅक्टरच्या डिझेलचा वास, उडणाऱ्या भुशाने पांढऱ्या झालेल्या भुवया. चेहऱ्याला फडकी बांधून बाया पऱ्हाटी तोंडात सरकवायच्या आणि यंत्र चावायचं. दुपारी धुऱ्यावरच्या पळसाखाली भाकर, ठेचा आणि कांदा. होळीला गावातली होळी फक्त गोवऱ्यांची पेटली. महादेवराव तिथेही बोललेच, "पऱ्हाटी नाई टाकली, मंग होळी कशी म्हनाव?" शोभाताईंनी नैवेद्य टाकला आणि त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दूर क्षितिजावर इतर गावांचे धूर उभे होते आणि आमच्या शिवारावरचं आभाळ मोकळं होतं. चांदण्या दिसत होत्या. मी गावकऱ्यांबरोबर चांदण्यांकडे बोट दाखवून ओरडले, हे सांगायला मला आता अजिबात संकोच वाटत नाही.

त्या कामाचं पुढे काय झालं, असं लोक विचारतात. मला कारणे दाखवा नोटीस आली. विनापरवानगी शासकीय यंत्र हलवणे, मान्यवरांचा अवमान, आणखी बरंच. समन्वयाचं काम काढून घेतलं आणि मला जुन्या दस्तांच्या खोलीत बसवलं, जिथे धुरापेक्षा धूळ जास्त. नवऱ्याने तेव्हाही विचारलं, "काय मिळालं तुले?" मी म्हटलं, एका शिवारावर एक महिना स्वच्छ हवा.  हिमालयाच्या बर्फावर आपली काजळी जाऊन पडते म्हणतात. जात असेल. पण मला कोणी हिमालयाच्या नावाने घाबरवायची गरज नाही, माझं आभाळ इथलंच आहे आणि ते मला हवं आहे. परवा त्या चादरीचं पाणी काळं झालं तेव्हाच मी ठरवलं, आणि कचेरीत जाऊन नव्या साहेबांपुढे उभी राहिले. समन्वयाचं ते काम सध्या कोणाकडेच नाही. मी म्हटलं, मला परत द्या. ते म्हणाले, "मॅडम, तुमचा मागचा अनुभव…" मी म्हटलं, त्या अनुभवासकट द्या. अजून त्यांनी उत्तर दिलेलं नाही. मी रोज जाऊन विचारणार आहे.

त्या हंगामाचा शेवट मात्र मला कोणी विचारत नाही, आणि मला सांगायचा असतो तोच.

पाडवा जवळ आला तेव्हा गावात एकच वावर उरलं होतं, महादेवरावांचं. 'माह्या ढिगाले हात लावाचा नाई' म्हणून त्यांनी यंत्र फिरकू दिलं नव्हतं. संध्याकाळी मी आणि शोभाताई रस्त्याने येत होतो, तर ते आपल्या धुऱ्यावर उभे. हातात काडेपेटी. ढीग त्यांच्या डोक्याएवढा. आम्ही थांबलो. शोभाताईंचा हात माझ्या मनगटावर आला आणि घट्ट झाला. महादेवराव काडेपेटी या हातातून त्या हातात करत राहिले. गावातली एकही बाई काडी लावायला आली नव्हती, गुत्त्यात ते नव्हतंच. आणि स्वतःच्या हाताने ते लावू शकत नव्हते. त्यांच्या बापाने लावली नव्हती, आजाने लावली नव्हती. ऊन उतरेपर्यंत ते तसेच उभे होते. शेवटी आमच्याकडे न बघता म्हणाले, "नांगर घालाचा हाय मले. उद्या यंत्र येईन का? नाई तं बाजूच्या गावातून मानूस आनतो अन पेटवून टाकतो."

"उद्या सकाळीच येईन, भाऊजी," शोभाताई म्हणाल्या.

आणि त्याच वेळी माझा फोन वाजला. साहेब होते. पाहुण्यांची तारीख अखेर ठरली होती, उद्या सकाळी. यंत्र रात्रीतून गोदामात, फितीसह, धुऊन पुसून उभं हवं. नाहीतर परिणामांना मी जबाबदार. मी समोर बघितलं. शोभाताई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना फोनवरचं सगळं ऐकू आलं होतं.

"सर," मी म्हटलं, "यंत्र उद्या रिकामं नाही. फीत इकडेच घेऊन या." आणि फोन ठेवून दिला. 

सकाळी उन्हं नीट वर आली नव्हती तेव्हापासून यंत्र चालू होतं. महादेवराव स्वतः पऱ्हाटी उचलून देत होते, डोक्याला फडकं, भुशाने माखलेले. ढीग अर्ध्यावर आला तेव्हा रस्त्यावर दोन गाड्या थांबल्या. मागच्या, पाहुण्यांच्या गाडीची काच वरच राहिली. पुढच्या गाडीतून साहेब उतरले, पांढऱ्या बुटांनी ढेकळं तुडवत आले. त्यांच्या हातात ती गुलाबी पडलेली फीत होती आणि मागे शिपाई, ताटात कात्री. ते माझ्या बाजूने सरळ धडधडत्या यंत्राकडे गेले आणि फीत बांधायला जागा शोधू लागले. ट्रॅक्टरवाल्याने हात वर करून माझ्याकडे बघितलं, बंद करू का म्हणून. मी मान हलवली, नाही.

शोभाताई काही बोलणार तेवढ्यात महादेवराव पुढे झाले. त्यांनी साहेबांच्या छातीसमोर आपला भुशाने भरलेला हात आडवा धरला आणि यंत्राच्या आवाजावरून ओरडले, "बाजूले व्हा, साहेब. काम चालू हाय."